जावयाची झाडं

सिनोलिया मीठसुद्धा जिभेवर ठेवून पाहिल्याशिवाय विकत घेत नसे. दुकानदार ओळखीचा असला, तर दोनदा पाही. परका माणूस फसवताना जरा तरी घाबरतो, ओळखीच्याला ती भीती नसते, असं तिचं म्हणणं. काम्फेन्या गावातल्या बायका हातपंपावर तिची नक्कल करायच्या. कुणी बादली खाली ठेवली की दुसरी म्हणायची, "बघ गं, तळ आहे का तिला." सिनोलियाला हे सगळं कळत होतं. कोण कोण हसतं, तेही तिच्या ध्यानात होतं.

त्यामुळे धाकट्या मुलीचं, एस्नातीचं, लग्न लुफेयोशी ठरायला आलं तेव्हा सिनोलियाने त्याच्या गावी माणूस धाडून चौकशी केली. पितो का, हात उगारतो का, कुठे आधीची बायको आहे का. सगळ्याला 'नाही' असं उत्तर आलं आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. इतका निर्मळ माणूस इतकी वर्षं बिनलग्नाचा राहिला कसा? पण एस्नाती ऐकेना, आणि सिनोलियाचा धाकटा भाऊ योसोफाती, जो घरातल्या सगळ्या बायकामुलांचा कारभारी होता, त्याने होकार देऊन टाकला.

रीतीप्रमाणे लुफेयो बायकोच्या गावी राहायला आला. खांद्यावर चटई, हातात कुदळ. शेत सासूचं, सासूच्या आईचं, तिच्या आईचं. ते पुढे एस्नातीचं आणि तिच्या मुलींचं होणार. जावयाने राबायचं, खायचं, पोरं वाढवायची; आणि मोडलंच तर तीच चटई गुंडाळून आपल्या गावी चालू पडायचं. सासू आणि जावई एकमेकांशी समोरासमोर बोलत नाहीत. तो पायवाटेने येताना दिसला की सिनोलिया बाजूच्या गवतात उतरून पाठ फिरवायची, आणि तो मान खाली घालून पुढे जायचा. काही सांगायचं तर एस्नातीच्या तोंडून, आणि फारच गंभीर असेल तर लग्नाच्या मध्यस्थाकडून.

पहिल्या वर्षी मका काढून झाला आणि गाव आपल्या नेहमीच्या कामाला लागलं. मक्याची वाळकी ताटं गोळा करून पेटवायची, मग ऊन तापलं की जुने वरंबे फोडून नवे ओढायचे. शेतात सरळ, उंच, नीट वरंबे दिसले की घरातला पुरुष कामाचा, हे सांगावं लागत नाही. लुफेयोने ताटं पेटवली नाहीत. ती आडवी करून सबंध शेतभर पसरली. वरंबेही ओढले नाहीत. पावसाची चाहूल लागली तेव्हा ताटं जराशी बाजूला सारून, काठीच्या टोकाने भोकं पाडून त्याने मका टोकला आणि घरी येऊन बसला.

सिनोलिया ओसरीवर शेंगा फोडत हे पाहत होती. तिने एस्नातीला बोलावलं.

"तुझा नवरा आजारी आहे का?"

"नाही, आई. तो म्हणतो असंच करायचं. ओल टिकते."

"आणि वाळवी?"

"म्हणतो, वाळवी ताटं खाईल, मक्याला कशाला हात लावेल?"

"म्हणजे वाळवीशी बोलून आलाय," सिनोलिया म्हणाली आणि पुन्हा शेंगा फोडू लागली.

गावाने त्या तुकड्याला 'आळशाचं शेत' असं नाव ठेवलं. सिनोलियाला आळशी माणसाचं भय नव्हतं. आळशी माणसाला हाकलता येतं. पण लुफेयो आळशी दिसत नव्हता. दिवसभर शेतातच असायचा, वाकून काहीतरी उपटत, काहीतरी झाकत. जो काम करत नाही पण शेतातून हलतही नाही, त्याला त्या शेतात नक्की हवंय काय? या प्रश्नाने तिचं डोकं खाल्लं.

हा संशय हवेतून आलेला नव्हता. ती लहान असताना गोऱ्यांचा अंमल होता. सरकारी शिपाई यायचे आणि दरडावायचे, उताराला आडवे बांध घाला, माती वाहून चालली आहे. तिच्या आईने बांध घातला नाही म्हणून तिला दंड झाला, आणि दंड भरता आला नाही म्हणून कोंबड्या गेल्या. बांध कदाचित बरेही असतील. पण सांगणाऱ्याच्या हातात काठी होती, आणि गावाने बांध विसरून काठीच लक्षात ठेवली. स्वातंत्र्य आलं तेव्हा लोकांनी गाणी म्हणत ते बांध कुदळीने सपाट केले. त्यानंतरच्या पावसांत ओढ्याचं पाणी लाल झालं. ते सगळ्यांनी पाहिलं आणि कुणीच बोललं नाही.

पुढे ती तरणी असताना ओढ्याकाठची ओलाणाची जमीन गेली. तिच्या आईच्या भावाकडे एक माणूस आला होता. कासुंगूहून आलेला, बूट घातलेला, गोड बोलणारा. म्हणाला, तुमच्या कडेला चार निलगिरी लावू द्या, वारा अडेल, लाकूड तुम्हालाही मिळेल. मामाने लावू दिल्या. झाडं वाढली. मग एक दिवस साखळी घेऊन मोजणारे आले, आणि झाडं त्याची म्हणजे झाडांखालची जमीनही त्याचीच, असं ठरलं. तिथे तंबाखूचा मळा उभा राहिला. सिनोलियाच्या आईला ओलाणातला भाजीपाला करायला तिथे पुन्हा पाऊल टाकता आलं नाही. त्या दिवसापासून सिनोलियाच्या मनात एक गोष्ट दगडासारखी बसली. माणूस मका पेरतो तो खायला. झाड लावतो तो ठाण मांडायला. तिच्या स्वतःच्या नवऱ्याने एकदा दारात आंब्याची कोय पुरली होती. तिने ती उकरून शेळीला घातली. नवरा पुढे दुसरीकडे गेला, जाताना दाराची फळीसुद्धा काढून घेऊन गेला. आंबा असता तर तो तोडून नेला असता की त्याच्यासाठी परत आला असता, हे तिला ठरवता आलं नाही. पण कोय उकरली ते बरं केलं, हे मात्र ठरलेलं होतं.

आणि आता लुफेयो झाडं राखू लागला.

ती त्याने लावलीही नव्हती. मसांगू या काटेरी झाडाची रोपं शेतात आपसूक उगवतात, आणि दरसाल कुदळीखाली जातात. लुफेयोने ती ठेवली. प्रत्येकाला जुन्या कापडाची चिंधी बांधली, म्हणजे खुरपणाऱ्याला दिसावं. मसांगू हे उलट्या काळजाचं झाड. पावसाळ्यात सगळं रान हिरवं होतं तेव्हा त्याची पानं झडतात, आणि उन्हाळ्यात सगळं करपतं तेव्हा ते हिरवंगार उभं राहतं. जे झाड जगाच्या उलट वागतं, ते पसंत करणारा माणूस सरळ कसा असेल?

सकाळी कुणी उठायच्या आधी सिनोलिया शेतात जाऊन काही रोपं उपटून आली. काट्यांनी बोटं फाटली. लुफेयोने पाहिलं. त्याने दुसऱ्या रोपांना चिंध्या बांधल्या. तिने पुन्हा काही उपटली. त्याने पुन्हा बांधल्या. असं दोन हंगाम चाललं. एस्नातीकरवी एक शब्द आला नाही, मध्यस्थाकडून तक्रार आली नाही. त्याने आदळआपट केली असती, तर सिनोलियाला झोप लागली असती. न भांडणाऱ्या माणसाच्या पोटात काहीतरी असतंच.

मका मात्र वाईट येत नव्हता. पहिल्या वर्षी इतरांपेक्षा कमी आला होता, दुसऱ्या वर्षी बरोबरीला, तिसऱ्या वर्षी जरा वर. सिनोलियाने कणगीत हात घालून दाणे पाहिले, दाताखाली फोडले. मक्यात खोट निघाली नाही. याचाही तिला त्रास झाला.

मग ती पाटी आली. सरकारी कृषी सहायक मोटारसायकलवरून आला, त्याच्यासोबत कुठल्याशा संस्थेची दोन माणसं. त्यांनी शेताच्या तोंडाशी लोखंडी पाटी रोवली, लुफेयोशी हात मिळवला, फोटो काढला आणि गेले. सिनोलियाला वाचता येत नव्हतं. तिने शाळेतून येणाऱ्या नातीला, थोरल्या मुलीच्या लेकीला, उभं केलं. नातीने बोट ठेवत वाचलं : माती वाचवा, आदर्श शेत, आणि खाली लुफेयोचं नाव. सिनोलियाचं नाव नाही, एस्नातीचं नाही. जावयाचं.

तिने पाटी तिथल्या तिथे हलवून उपटली आणि शेळ्यांच्या गोठ्याला दार म्हणून लावली. मग चालत भावाच्या गावी गेली.

योसोफाती बायकोच्या गावी राहायचा, ओढ्यापलीकडे. गोल चेहऱ्याचा, हसरा माणूस. कुणाच्या घरी गेला तर पोरांसाठी उसाचं कांडकं घेऊन जाणारा. त्याने बहिणीला बसवलं, थोब्व्याचा, मक्याच्या आंबूस पेयाचा, गार वाडगा पुढे केला आणि सगळं ऐकून घेतलं. तिने भावाजवळ मन मोकळं केलं. हा माणूस पाचरीसारखा आत शिरतोय. आधी ताटं, मग झाडं, मग पाटी. उद्या साखळी घेऊन येतील. योसोफाती मान डोलावत राहिला. शेवटी म्हणाला, "अक्का, तू घाबरू नकोस. जमिनीचा मालक अजून जिवंत आहे." तिला बरं वाटलं. घरी येताना अर्ध्या वाटेत तिच्या मनात आलं, मालक कुणाला म्हणाला हा? पण भावाच्या बोलण्यात खोड काढायची तिला सवय नव्हती. तेवढी एकच जागा तिने मोकळी सोडली होती.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या गावात एक म्हातारी वारली. मयतीला सगळं काम्फेन्या गेलं. सिनोलिया, एस्नाती, लुफेयो, सगळे. दुपारी परतताना टेकाडावरून धूर दिसला. लुफेयो धावत सुटला. तो पोचेपर्यंत शेत काळं झालं होतं. पसरलेली ताटं, तीन वर्षांचा कुजलेला पाला, चिंध्या बांधलेली रोपं. काही मसांगू आता कमरेएवढ्या झाल्या होत्या. त्यांच्या काळ्या काड्या उरल्या. वारा राख उचलून सिनोलियाच्या ओसरीवर आणून टाकत होता.

उंदीर धरणाऱ्यांनी पेटवलं असेल, असं गाव म्हणालं. त्या दिवसांत पोरंटोरं रानातल्या उंदरांसाठी गवत पेटवतातच. उकडलेले, खारवलेले उंदीर काडीला बांधून रस्त्यावर विकतात. ताटांच्या थराखाली उंदीर माजले होते, हे सगळ्यांना माहीत होतं. लुफेयो राखेच्या कडेला उकिडवा बसून राहिला.

दोन दिवस एस्नाती आईशी बोलली नाही. नसिमाचा, मक्याच्या शिजवलेल्या पिठाचा, गोळा आणि भाजीची वाटी ठेवायची आणि वळायची. तिसऱ्या दिवशी सिनोलियाने तिचा हात धरला.

"काय झालंय ते बोल."

एस्नातीने आईच्या कमरेकडे पाहिलं, जिथे चितेंजेच्या कापडाला गाठ मारलेली होती.

"काड्यापेटी तुझ्याच कनवटीला असते, आई."

आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या कनवटी चाचपल्या होत्या. तिची कुणी चाचपेल, आणि तेही पोटची मुलगी, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं. मी मयतीत होते की, तुझ्याशेजारी बसले होते, असं ती म्हणाली. एस्नाती म्हणाली, "हो. पण सांगायला माणसं मिळतात." आणि निघून गेली. सिनोलियाला राग आला, पण रागाखाली तिला दिसलं की मुलीचं चुकलेलं नाही. जी बाई पहाटे उठून रोपं उपटते, तिच्यावर आग लावल्याचा वहीम येणारच. तिच्या जागी सिनोलिया असती, तर तिनेही हेच म्हटलं असतं, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत थांबलीही नसती.

ती एकटीच राखेत गेली. पायांना अजून ऊब लागत होती. उंदीर धरणारे नुसतं पेटवून जात नाहीत. गवत जळालं की बिळं उघडी पडतात, मग ते कुदळीने खणतात. खणलेल्या मातीचे ढीग जागोजागी राहतात. तिने सबंध शेत पायाखाली घातलं. एकही बीळ खणलेलं नव्हतं. बिळांची तोंडं राखेत तशीच उघडी होती, आणि एका तोंडाशी भाजलेला उंदीर पडला होता. तोही कुणी उचलला नव्हता. काम्फेन्यातलं कुठलं पोर भाजलेला उंदीर सोडून जाईल?

मग तिच्या नजरेपुढे मयतीचा दिवस उभा राहिला. योसोफाती म्हातारीच्या नात्यातला. त्याने आधी येऊन पुरुषांत बसायला हवं होतं. तो आला तेव्हा खड्डा बुजवत होते. तिने तेव्हाही पाहिलं होतं, आणि भाऊ आहे म्हणून मनात ठेवलं नव्हतं.

ती ओढा ओलांडून गेली. योसोफातीने पुन्हा थोब्वा आणवला. तिने वाडग्याला हात लावला नाही.

"शेत तू पेटवलंस?"

तिला वाटलं होतं, तो नाही म्हणेल आणि मग खोटं शोधत बसावं लागेल. योसोफाती नाही म्हणाला नाही. तो हसलाही नाही.

"अक्का, तूच आली होतीस ना इथे? झाडं लावतोय, पाटी रोवतोय, जमीन गिळतोय. सगळं तुझ्याच तोंडचं. मी फक्त काडी ओढली."

"मी पेटवायला सांगितलं नव्हतं."

"मग काय करायला सांगितलं होतंस?"

तेवढ्यात योसोफातीच्या बायकोने आतून विचारलं की तंबाखूवाला परवा येणार की पुढच्या आठवड्यात, आणि योसोफातीने आतल्या बाजूला असा काही डोळा वटारला की सिनोलियाला सगळं दिसलं. थोडं खोदल्यावर निघालं. एका तंबाखूवाल्याला चांगली सपाट जमीन हवी होती, काही वर्षांच्या करारावर. योसोफातीने सिनोलियाचं शेत दाखवलं होतं. ताटांनी झाकलेलं, काटेरी रोपांनी भरलेलं शेत त्या माणसाने नको म्हटलं होतं. योसोफाती म्हणत राहिला की तसं काही नाही, आग तिच्या काळजीपोटीच लावली, तंबाखूचं आपलं बोलणं नुसतं चाललं होतं. त्याने खरं काय कशासाठी केलं, हे सिनोलियाला शेवटपर्यंत समजलं नाही. कदाचित त्यालाही माहीत नसेल. ती उठली. दारातून एवढंच म्हणाली, "आपल्या मामाने परक्याला झाडं लावू दिली म्हणून मी जन्मभर परक्यांवर नजर ठेवली. मामावर ठेवायला हवी होती."

ती घरी आली तेव्हा एस्नातीच्या दारात लग्नाचा मध्यस्थ बसलेला होता आणि लुफेयोची चटई गुंडाळून भिंतीला टेकवलेली होती. कुदळ तिच्याजवळ. मध्यस्थाने घसा साफ करून सुरुवात केली की जावयाचं म्हणणं असं आहे, इथे त्याला...

सिनोलियाने त्याला हाताने थांबवलं. मग तिने जे केलं ते गावात कुणी पाहिलं नव्हतं. ती जावयाच्या समोर जमिनीवर बसली, तोंड त्याच्याकडे करून. मध्यस्थ उठून उभाच राहिला. एस्नातीने ओठांवर हात ठेवला.

"जावईबापू," सिनोलिया म्हणाली, "आग माझ्या भावाने लावली. माझ्या बोलण्यावरून लावली. हे झालं. आता तुम्ही मला सांगा. मेलात तर तुम्हाला या मातीत पुरणारही नाहीत, तुमच्या गावी नेतील. मग या मातीसाठी एवढं का करता? मला खरं ऐकायचंय. संस्थेचं नको."

लुफेयोने नजर जमिनीकडे वळवली. सासूच्या डोळ्यांत पाहायची त्याला सवय नव्हती.

"माझी पाठ गेलेली आहे, सासूबाई," तो म्हणाला. "लग्नाआधी मळ्यावर तंबाखूच्या गासड्या उचलायचो. तिथे मणका दुखावला. वरंबे ओढायला लागलो तर संध्याकाळी मला उभं राहता येत नाही. हे तुमच्या माणसाने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही मुलगी दिली असती?"

"नसती दिली."

"हं. मग कुणीतरी सांगितलं, वरंब्याशिवायही मका होतो, ताटं पसरून ठेवली की झालं. मला तेवढंच पाहिजे होतं. माती सुधारते, ओल राहते, हे सगळं मागाहून दिसलं."

"आणि झाडं?"

"मसांगूखाली मका खताशिवाय बरा येतो. खताची गोणी आणायची म्हणजे पाठीवरूनच आणायची ना." त्याने एस्नातीकडे पाहिलं. "आणि मुली आहेत मला. शेत त्यांचं होईल, माझं इथे काही राहणार नाही. निदान म्हणतील, ही झाडं बापाने राखली."

शेवटचं कारण सिनोलियाला जरा गोड वाटलं, आणि गोड गोष्ट ती लगेच गिळत नसे. पण पाठीचं कारण तिच्या गळी उतरलं. या माणसाला जमीन नको होती, आराम हवा होता. इतक्या वर्षांत कुणीतरी तिला पहिल्यांदा आपल्या मतलबाचं बोललं होतं, आणि मतलब दिसला की तिला माणसाचा तळ लागायचा. ती हसली. तिला हसताना पाहून एस्नाती रडायला लागली.

"म्हणजे गाव म्हणत होतं ते बरोबर होतं," सिनोलिया मध्यस्थाकडे वळून म्हणाली. "आळशाचंच शेत आहे. चटई आत ठेवा त्यांची."

पण तिने तेवढ्यावर सोडलं नाही. गावप्रमुखाकडे लिंबाखाली बैठक बसवली आणि चारचौघांत सांगितलं की शेतातली प्रत्येक मसांगू एस्नातीची आणि तिच्या मुलींची. जावयाने राखायची, भावाने हात लावायचा नाही, आणि तंबाखूवाला आला तर त्याने तिच्याशी बोलावं. योसोफाती आला नाही. पुढे बरीच वर्षं ओढ्याच्या या बाजूला तो फक्त मयतीला यायचा, आणि आता वेळेवर यायचा.

जळलेल्या मुळांना पुन्हा कोंब फुटले. मसांगू तशीच चिवट. पसरायला ताटं नव्हती, म्हणून सिनोलियाने स्वतः ओढ्याकाठचं गवत कापून भारे वाहिले. त्या हंगामात पाऊस मधेच गेला. मका तुऱ्यावर असताना आभाळ कोरडं पडलं आणि गावचे नीट, उंच वरंबे तडकले. सिनोलियाचं शेत काही डोळ्यांत भरण्यासारखं नव्हतं, कणसं लहानच होती, पण पानं वळली नाहीत. ती रोज सकाळी जायची, गवताचा थर पायाने बाजूला करायची, बोट मातीत खुपसायची. लुफेयोने सांगितलेलं खरं आहे की नाही, हे ती अजूनही तपासत होती. ओल असायची. ती थर पुन्हा झाकायची.

आता गाव तिच्याकडे तिरक्या नजरेने पाहू लागलं. सगळ्यांचं करपलं आणि हिचंच कसं राहिलं? त्यात ते उलटं झाड. शेजारच्या चात्सिकाने तर उघड म्हटलं की म्हातारी आमच्या शेतातला पाऊस रात्रीचा ओढून नेते. पण पुढच्या वर्षी चात्सिकाच्या घरामागे, रस्त्यावरून दिसणार नाही अशा कोपऱ्यात, ताटं पसरलेली तिला दिसली. पुढचं शेत वरंब्यांचंच होतं, लोकांना दाखवायला. तिने एस्नातीला सांगितलं, बघ, चोरून शिकतोय. आणि कुणाला बोलली नाही. काही वर्षांत असे कोपरे बऱ्याच घरांमागे झाले. कुणी मान्य केलं नाही. विचारलं तर म्हणायचे, पाठ दुखते.

सिनोलिया आता फार थकली आहे. मसांगू घराच्या छपरापेक्षा उंच झाल्या आहेत, उन्हाळ्यात शेळ्या त्यांच्या शेंगा खात खाली लोळतात. अलीकडे राजधानीतून, लिलाँग्वेहून, एक तरुण आला होता, स्वच्छ शर्ट, हातात सपाट चकचकीत यंत्र. म्हणाला, आजी, तुमची झाडं हवा साफ करतात. परदेशातली मोठी माणसं त्या हवेचे पैसे देतील. झाडं मोजून घेतो, तुम्ही फक्त अंगठा लावा.

तिने लुफेयोला हाक मारली. सासू-जावई आता सरळ बोलतात. गावाला त्याची सवय झाली आहे. तो येऊन तिच्याशेजारी बसला.

"जावईबापू, हवा विकत घेतोय हा."

"ऐकलं मी."

"कुणाची हवा?"

"म्हणजे तुमची, आजी," तरुण घाईने म्हणाला.

"माझी असती तर मी तुला श्वास घेऊ दिला नसता," सिनोलिया म्हणाली. "आणि ते परदेशी हवा घाण करायची थांबवणार आहेत का?"

तरुणाने यंत्राकडे पाहिलं, जणू उत्तर तिथे असेल. मग प्रामाणिकपणे म्हणाला, ते त्याला माहीत नाही. लुफेयोने विचारलं, अंगठा लावल्यावर झाडाची फांदी तोडायची असेल तर कुणाला विचारायचं. तरुण म्हणाला, तेही बघून सांगतो. सिनोलियाने एस्नातीला त्याच्यासाठी पाणी आणायला सांगितलं. पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, तू वाईट दिसत नाहीस. मका निघाल्यावर ये, आणि तुला पाठवणाऱ्याला घेऊन ये. तो आला तर बोलू.

तो गेल्यावर ती लुफेयोला म्हणाली, "परत येईल का?"

"येईल, सासूबाई."

"मग यावेळी दोघं मिळून नीट बघू," ती म्हणाली, आणि काठी टेकत शेताकडे निघाली.